आगीत सापडलेला मांडव: अँगल ठेवा, तारांचा भरवसा नको

निफाडकडे पाचटाची आग द्राक्षबागेत शिरून मांडवाचे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले पोलादी) अँगल काळे पडले. त्यांना सिल्व्हर पेंट मारून वापरा, असा सल्ला एकाने दिलाय. घाई करू नका. काळेपणा म्हणजे नुकसान नव्हे. आधी ओल्या फडक्याने काजळी पुसा. तारेचा ब्रश नको, उरलेलं जस्तही निघून जाईल. खाली सलग राखाडी थर असला तर प्रश्नच नाही. जस्त साधारण ४१९ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे ओघळ किंवा सुटणारे पापुद्रे दिसले तर तिथलं कवच गेलं. पोलाद तेवढ्याने सहसा खचत नाही. दोरी लावून अँगल सरळ भरला, तर उघड्या जागी झिंक-रिच पेंट (भरपूर जस्त असलेला रंग), थर किमान १०० मायक्रॉन जाड. सिल्व्हर पेंट नुसता पडदा. ओरखडा पडला की गंज सुरू.

खरी भीती तारांची. मांडवाच्या हाय-टेन्साइल (जास्त ताण सोसणाऱ्या) तारेची ताकद ती थंड असतानाच ओढून बारीक केल्याने येते. तार खूप तापली की कायमची नरम पडते. जस्त वितळलेली किंवा हाताने सहज वाकून तशीच राहणारी तार काढून टाका, नाहीतर घडांच्या वजनाने मांडव ऐन हंगामात बसेल. तापलेले नट-बोल्टही बदला, त्यात काय वाचवायचं?

पीव्हीसी सबमेन (ठिबकला पाणी पुरवणारी पाइपलाइन) जळली असेल तर धुरातली क्लोराइडं जस्त खातात. अँगल लगेच भरपूर पाण्याने धुवा.