मदत हवी आहे: डी-स्टारचं बॅकग्राउंड (योगायोगाने डी-स्टारसारखे दिसणारे खोटे कण-गट) नक्की कसं वजा करायचं?

मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टला हॅम्बुर्गचा हेरा (कण आदळवणारा कोलायडर) घेतलाय, 2007 ला बंद झाला तो, 27.5 जीईव्ही ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आणि 920 जीईव्हीचे प्रोटॉन समोरासमोर आदळायचे. त्यात चार्म क्वार्क किती तयार होतो ते डी-स्टार मेसॉन (चार्म क्वार्क असलेला, लगेच तुटणारा कण) मोजून काढायचंय, मी सध्या सिम्युलेशनवरच करतोय. डी-स्टार तुटला की डी-झीरो (हाही चार्मवालाच) आणि एक मंद पायॉन (हलका कण), मग डी-झीरोचे केऑन-पायॉन, तर डी-स्टार आणि डी-झीरोच्या वस्तुमानातला फरक काढला की 145.4 एमईव्हीला (जीईव्हीचा हजारावा भाग) सुईसारखा पीक येतो, कारण पायॉन एकटाच 139.6 खातो, उरतात जेमतेम 6. इथपर्यंत झकास!

अडलंय पुढे. केऑन आणि पायॉन एकाच चार्जचे घेऊन राँग-चार्ज हिस्टोग्राम काढला (अशी जोडी खऱ्या डी-झीरोची नसते, म्हणून हे नुसतं बॅकग्राउंड), तो वस्तुमान-फरकाच्या 150 ते 165 एमईव्हीमध्ये जुळवून वजा केला, तर एक आकडा येतो आणि पीक आणि बॅकग्राउंडला थेट फिट मारला तर दुसरा, चांगला 8 टक्के जास्त. सर म्हणाले "दोन्ही करून बघ" (ते केलंच की हो). मग मुख्य आकडा कोणता धरू, आणि फरक सिस्टिमॅटिक एररमध्ये (पद्धतीमुळे येणाऱ्या अनिश्चिततेत) टाकला तर चालतं का? की डी-झीरोच्या वस्तुमानाची खिडकीच (कोणत्या केऑन-पायॉन जोड्या डी-झीरो धरायच्या ती मर्यादा) मी जास्त रुंद ठेवलीये? कोणी केलं असेल तर सांगा प्लीज, गुरुवारी दाखवायचंय.