मदत हवी आहे: एकाच नॉबची बदलती कामे पडद्यावर कशी दाखवावीत?

विमान चालवण्याच्या सराव-सिम्युलेटरच्या डिस्प्लेवर बाहेरचे आणि आतले अशी दोन कडी असलेला, दाबताही येणारा एकच नॉब आहे. निवडीनुसार तो हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा), उंची किंवा बॅरोमीटरचा दाब बदलतो. गार्मिन जी १००० या विमानातील डिस्प्ले-यंत्रणेत कॉम (संभाषणाच्या) रेडिओच्या ज्या फ्रिक्वेन्सीवर नॉब चालणार तिच्याभोवती निळसर चौकट असते, तर मोठे कडे मेगाहर्ट्झ आणि लहान कडे किलोहर्ट्झ बदलते. तशीच चौकट मी सर्व आकड्यांना दिली. परंतु दाबाचा आकडा नॉबपासून बराच दूर असल्यामुळे शिकाऊ वैमानिक आधी नॉब फिरवतात, मग पाहतात आणि दाबाऐवजी उंचीच बदलून बसतात. त्यानंतर नॉबलगतच्या कोपऱ्यात कामाचे नाव लिहून पाहिले. ते वाचले जाते, मात्र कोणते कडे काय करते हे त्यातून कळत नाही, आणि दोन कड्यांसाठी काढलेले दोन वर्तुळांचे चिन्ह रात्रीच्या मंद प्रकाशात एकजीव दिसते.

पडदा स्पर्शाचा नाही, नॉब वाढवता येणार नाहीत, आणि लाल व पिवळसर नारिंगी रंग इशाऱ्यांसाठी राखीव असल्याने वापरायचे नाहीत.

अशा स्थितीत दोन्ही कड्यांची कामे रंगावर विसंबून न राहता वेगळी कशी दाखवावीत, आणि काही काळ हात न लागल्यास नॉब आपोआप मूळ कामावर परतावा की निवडलेल्या कामावरच राहावा?