मदत हवी आहे : गुराब या जुन्या लढाऊ जहाजाच्या मॉडेलची नाळ (पुढचं टोक) काही केल्या टिकत नाहीये

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत दिवाळीला दरवर्षी राजगड नाहीतर सिंहगड होतो. यंदा पोरांनी खांदेरीचा जलदुर्ग ठरवलाय, आणि भोवतीच्या समुद्रात 1679 ची मराठे-इंग्रज लढाई फासे टाकून खेळायची म्हणे. आरमाराचं काम माझ्या गळ्यात, कारण विमानांच्या किटांचे उरलेले सुटे भाग मी खोकी भरून ठेवलेत (घरात त्याला भंगार म्हणतात).

स्केल 1:300 धरलंय. कुंभारवाड्यातला मावळा यात उभा केला तर गलबत त्याच्या चपलेएवढं दिसतं, म्हणून मावळे किल्ल्यावरच.

गलबतं जमली. 1:72 च्या जेटच्या पंखाखाली लावायच्या जादा टाक्या असतात, त्यांची एकेक फाक म्हणजे 6 सेंमीचा तयार सांगाडा. वर सनबोर्ड, उदबत्तीच्या काड्यांच्या दोन डोलकाठ्या, फेविकॉलच्या पाण्यात भिजवून बाटलीवर वाळवलेलं टिश्यूचं तिकोनी शीड. वल्ही मात्र रडवतायत. खऱ्या गलबताला 40-50 असत, आणि आमच्या खेळाचं मर्मच ते: वारा पडला की शिडाची जहाजं ठप्प, गलबतं वल्हवत पुढे, वर गुराबेला दोर लावून ओढतात. स्प्रू (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात ती) मेणबत्तीवर तापवून ताणला, एका बाजूला 20 काड्या चिकटवल्या. दोन दिवसांत पोरांनी निम्म्या मोडल्या.

खरं दुखणं गुराबेचं. ती हवीच, 18 ऑक्टोबरला मराठ्यांनी पकडलेली इंग्रजांची 'डोव्हर' गुराबच होती. मधे रुंद, पुढे निमुळती, आणि पाण्यालगत लांब पुढे आलेली नाळ. मागच्या आडव्या फळीतून दोन तोफा या नाळेवरून समोर मारा करायच्या. सांगाड्याला डाकोटा विमानाच्या इंजिनाचं कवच घेतलं, ते छान बसलं. एम-सीलची नाळ जोडली तर पहिल्याच धक्क्याला निखळली. सनबोर्डला किटचा गोंद धरत नाही, फेविक्विकने पांढरे डाग पडतात. नाळ उंच केली की टिकते, पण मग ती युरोपी जहाज दिसते. काय करू?

प्रतिसाद १
नाळ वेगळी जोडूच नका. डेक आणि नाळ मिळून एकच पट्टी कापा, सांगाडा खालून चिकटवा. एम-सील फक्त फटी बुजवायला. आणि सनबोर्डऐवजी नंबरप्लेटवाल्याकडची अ‍ॅक्रिलिकची कात्रणं बघा, पुष्कळदा फुकट देतात.

प्रतिसाद २
वल्ह्यांसाठी प्लॅस्टिकची फणी! चार सेंमीचा तुकडा कापा, कणा सांगाड्याच्या आत, दात बाहेर. फेविक्विकचे डाग रंगाखाली जातात, पण टाचणीच्या टोकाने अगदी थोडं लावा आणि खिडकी उघडी ठेवा. पावसाळी हवेत डाग जास्त पडतात.

धागाकर्ता
फणी!! तुळशीबागेतून सहा आणल्या. दुकानदार माझ्या टकलाकडे बघत राहिला. दात सेंमीला पाच, म्हणजे चार सेंमीत बरोबर वीस. डेक-नाळ एकसंध कापलीये, आज रात्री चिकटवतो. आता इंग्रजांच्या 'रिव्हेंज' जहाजाला सांगाडा कशाचा करावा, सुचवा. डाकोटाचं दुसरं इंजिन शिल्लक आहे, पण त्यावरही एका पोराचा डोळा आहे.