एम.कॉम.ला बँकवाले, सीए शिकवायला आणायचे तर कसे?

तासिका_लातूर
खेळत्या भांडवलाचे रेशो पोरांना तोंडपाठ, पण स्टॉक स्टेटमेंट (कर्जदार बँकेला देतो तो माल-येण्यांचा तक्ता) कुणी पाहिलेलं नाही. गावात डाळ मिल, आडत, बँका सगळं आहे. 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' (उद्योग-व्यवसायातला अनुभवी माणूस शिकवायला नेमायचं पद) म्हणून कुणाला घेता येईल का? आणि त्याला नेमकं काय शिकवायला द्यावं?

नियमवही
यूजीसीची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं बघा. किमान 15 वर्षांचा अनुभव, तोही शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा. पदवीची अट नाही. मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंतच नेमता येतात. आधी एक वर्ष, वाढवून तीन, अपवाद म्हणून चौथं. निवृत्त प्राध्यापक यात बसत नाहीत, तिथंच प्रस्ताव अडकतात. एका पेपरपुरता एवढा व्याप कशाला? पाहुणे व्याख्याते बोलवा.

डीपीवाला
बोलवा, पण शाल-श्रीफळ आणि 'यशाचा मंत्र' नको. एकच काम द्या: ड्रॉइंग पॉवर (डीपी), म्हणजे माल-येण्यांच्या जोरावर प्रत्यक्ष किती उचल करता येते, ते काढून घेणं. उदाहरणार्थ डाळ मिलची सीसी (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाचं कर्ज) लिमिट 60 लाख. माल 60 लाखांचा, त्यातली 15 लाखांची देणी बाकी. येणी 40 लाख, पैकी 10 लाख 90 दिवसांपेक्षा जुनी. मालावर मार्जिन (बँक कर्ज देत नाही तो, मालकाचा वाटा) 25 टक्के, येण्यांवर 40 धरू (बँकेगणिक फरक पडतो).

माल: 60 − 15 = 45, मार्जिन जाऊन 33.75 लाख.
येणी: 40 − 10 (जुनी धरत नाहीत) = 30, मार्जिन जाऊन 18 लाख.
डीपी 51.75 लाख. लिमिट 60 असली तरी उचल एवढीच.

पोरं देणी वजा करायला विसरतात. मग 60 च्या मालाचे मार्जिन जाऊन 45, येण्यांचे 18, मिळून 63 येतात आणि लिमिट पूर्ण मोकळी दिसते. ज्या मालाचे पैसे मिलनं अजून दिलेच नाहीत, त्यावर बँक कर्ज का देईल, हा प्रश्न अधिकाऱ्याकडूनच येऊ द्या. तुम्ही आधी उत्तर सांगू नका.

तासिका_लातूर
खरे कागद मिळतील का, सर?

डीपीवाला
ग्राहकाचे कागद बँक देणार नाही, मागूही नका. आकडे बदललेला नमुना अधिकाऱ्याकडून आधी बनवून घ्या. मार्चमध्ये बँकवाले सापडत नाहीत, सप्टेंबरात टॅक्स ऑडिटमुळे सीए. गोदाम दाखवायचं तर तुरीच्या आवकेत, जानेवारी-फेब्रुवारीत न्या. मालकाला तेव्हा वेळ नसतो, मुनिमाला गाठा.

नियमवही
आणि या कामाला अंतर्गत गुण ठेवा. नाहीतर दुसऱ्या तासाला बाकं रिकामी.