मदत हवी आहे: संस्थेच्या कामाचा प्लॅन कसा बनवायचा? (तातडीचं)

बांधावरची
थोडक्यात लिहिते, वेळ नाही. बीड जिल्ह्यातली आमची छोटी संस्था. एका कंपनीच्या सीएसआरमधून (कंपनीचा समाजकार्याचा निधी) काम मिळालंय. तिथल्या मॅडमना सोमवारपर्यंत गँट चार्ट (कुठलं काम कधी ते दाखवणारा तक्ता), रिस्क रजिस्टर (संभाव्य अडचणींची यादी) आणि महिनेवार प्रगतीचा तक्ता हवाय. आमच्याकडे सगळं संस्थाप्रमुख सरांच्या डोक्यात, नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर. एक्सेलमध्ये बनवून पाठवलं की "नॉट रिअलिस्टिक" लिहून परत येतं. कुणाकडे तयार फॉरमॅट आहे का? मराठीत असेल तर बरं, गावातल्या पोरांनाच भरायचा आहे. "एखादा कोर्स करा" असं कृपया सांगू नका.

कोथरूडकर
ट्रेलो ॲप वापरा. फुकट आहे. तीन रकाने करायचे: करायचंय, चालू आहे, झालं. प्रत्येक कामाचं एक कार्ड. आमची टीम आधी जिरा नावाच्या ॲपवर होती, पण तुमच्यासाठी ते जड होईल. गँट चार्ट आता कोणी बघत नाही, मॅडमना तसं सांगा.

जुना झोळीवाला
मॅडमना तसं सांगितलं तर पुढचा हप्ता कोथरूडहून येणार का?

पंचवीसेक वर्षं संस्थांमध्ये काढली. आम्ही पाणलोटाची कामं केली तेव्हा एक वही होती आणि दर गुरुवारी बैठक. गाव बैठकीला आलं तर काम होतं, नाही आलं तर कुठलाही चार्ट उपयोगाचा नाही. या सीएसआरवाल्यांनी संस्थांना ठेकेदार करून टाकलंय. साहेबाला तक्ता हवा, गावाला पाणी हवं, आणि मधल्यामध्ये कार्यकर्ता एक्सेल भरतोय.

रानवारा
काका, भावना पोचल्या. ताई, आधी हे सांगा: काम नक्की काय आहे? शाळा, आरोग्य, पाणी? किती गावं? करार कधीपासून कधीपर्यंत? पैसे एकरकमी की हप्त्याने? हे माहीत नसताना फॉरमॅट देणं म्हणजे पेशंट न बघता गोळ्या देणं.

ताळेबंद
१२ए आणि ८०जी या आयकराच्या नोंदण्यांचं नूतनीकरण झालंय ना ते आधी तपासा. सीएसआरचे पैसे घेण्यासाठी संस्थेच्या नोंदणीचा सीएसआर-१ फॉर्म भरलाय का? १ एप्रिल २०२१ पासून तो बंधनकारक आहे. ८०जी असेल तर देणगीदारांच्या माहितीचा १०बीडी फॉर्म ३१ मेच्या आत. धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज प्रलंबित असेल तर तोही मार्गी लावा, बदल झाल्यापासून नव्वद दिवसांची मुदत असते. पुष्कळ संस्था इथेच अडकतात.

बांधावरची
@ताळेबंद, ते सगळं आमचे सीए बघतात. मी ते विचारलंच नव्हतं.

@रानवारा, तलावातला गाळ काढायचं काम आहे. तीन गावं, तीन पाझर तलाव. मशीन आणि डिझेल कंपनीच्या पैशातून, गाळ शेतकरी आपल्या खर्चाने नेणार. करार ३१ मार्चपर्यंत. पैसे तीन हप्त्यांत, पहिला आलाय. मी जानेवारीत पहिला तलाव, फेब्रुवारीत दुसरा, मार्चमध्ये तिसरा असं टाकलं होतं. यात नॉट रिअलिस्टिक काय आहे?

रानवारा
आता कळलं. मॅडमचं बरोबर आहे.

आज तुमच्या तलावात पाणी आहे का? जानेवारीत असणारच. काठावर रब्बीसाठी मोटारी चालू असतील. पाणी उतरल्याशिवाय पोकलेन आत कशी घालणार? दुसरं, तलावापर्यंत जायचा रस्ता कुणाच्या वावरातून आहे? तिथे ज्वारी उभी असेल तर काढणी होईपर्यंत टिपर जाऊ देणार नाहीत, आणि देऊही नये. तिसरं, ट्रॅक्टर. तुमच्या भागातले ट्रॅक्टर-ट्रॉल्या आत्ता कारखान्यांकडे उसाला जुंपलेल्या आहेत. कारखान्याचा पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे हंगाम संपल्याशिवाय, गावात परत येणार नाहीत. म्हणजे गाळ उपसायला मशीन मिळेल, पण वाहून न्यायला कोणी नाही. तलावाच्या काठावर ढीग लागतील आणि पहिल्याच पावसात परत आत जातील.

उलट्या बाजूने मोजा. जूनचा पहिला आठवडा ही भिंत समजा. त्याआधी आठ दिवस सांडवा आणि भराव नीट करायला हवेत. खरा हंगाम मार्चअखेर ते मे. चार्टमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत मशीन दाखवूच नका. तिथे ग्रामसभेचा ठराव, जलसंधारण विभागाची परवानगी, गाळ नेणाऱ्या शेतकऱ्यांची यादी, माती परीक्षण आणि तलावाचा मशीन लागण्याआधीचा लेव्हल सर्व्हे (तळाच्या पातळीची मोजणी) एवढंच घ्या. ही दिसायला कागदी कामं आहेत, पण वेळ तीच खातात.

कोथरूडकर
म्हणजे डिपेंडन्सी, एक काम झाल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही ते. ट्रेलोमध्येही दाखवता येतात, पॉवर-अप (जादा सोय) घेतला की.

जुना झोळीवाला
पॉवर-अप. ज्वारी कापली गेली का हे पॉवर-अप सांगणार.

कोथरूडकर
तुमच्या वहीनेही सांगितलं नसतं काका. कोणीतरी जाऊन बघितलं तेव्हाच वहीत आलं ना? मग ते फोनवर आलं तर काय बिघडलं?

सातासमुद्रापार
इथे अमेरिकेत एका संस्थेत काम करते म्हणून लिहिते. गँट चार्ट ही शेवटची पायरी आहे. आधी लॉगफ्रेम, म्हणजे प्रकल्पाचा एकपानी आराखडा, करा. ती १९६९ मध्ये यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेसाठी तयार झाली आणि आजही बरेच देणगीदार मागतात. चार ओळी: अंतिम उद्दिष्ट, हेतू, निष्पत्ती, कृती. आणि चार रकाने: वर्णन, निर्देशक, पडताळणीचं साधन, गृहीतकं. "पाणी मार्चपर्यंत उतरेल" हे तुमचं गृहीतक. तेच रिस्क रजिस्टरमध्ये जातं. विकास क्षेत्रासाठीच तयार केलेलं प्रोजेक्ट डीप्रोचं (आधीचं नाव पीएमडी प्रो) मार्गदर्शक पुस्तक मोफत डाऊनलोड होतं, त्यात हे सगळं सोप्या भाषेत आहे.

बांधावरची
सोमवारपर्यंत पुस्तक वाचू का मी?

हुरडाप्रेमी
अवांतर: आमची लातूरजवळ चार एकर मुरमाड जमीन आहे. असा गाळ विकत मिळतो का? ट्रॉलीचा दर काय?

पलीकडच्या खुर्चीतून
मी एका कंपनीच्या सीएसआर विभागात आहे (तुमच्या नाही). मॅडम काय शोधताहेत ते सांगतो, म्हणजे फॉरमॅटचं टेन्शन कमी होईल.

त्यांची अडचण ३१ मार्च आहे. संस्थेच्या खात्यात पैसे टाकले म्हणून कंपनीचा सीएसआर खर्च झाला असं धरत नाहीत. संस्थेने ते कामावर वापरले पाहिजेत, आणि वापरले असं कंपनीच्या सीएफओने (वित्तप्रमुखाने) प्रमाणित करावं लागतं. तुमचं काम मेपर्यंत जाणार असेल तर मार्चअखेर पैसा शिल्लक दिसणार. प्रकल्प "ऑनगोइंग" (एका वर्षापेक्षा जास्त चालणारा) म्हणून मंजूर असेल तर उरलेली रक्कम ३० दिवसांत वेगळ्या अनस्पेंट खात्यात जाते आणि तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. तसा मंजूर नसेल तर ती सहा महिन्यांत कंपनी कायद्याच्या परिशिष्ट सातमधल्या एखाद्या सरकारी फंडात भरावी लागते. म्हणजे तुमच्या तलावांच्या हातून गेली.

चांगली गोष्ट अशी की एका वर्षासाठी मंजूर झालेलं कामही संचालक मंडळ सबळ कारण देऊन पुढे वाढवू शकतं. पण ते कारण मॅडमना आत्ता हवंय. २८ मार्चला फोन करून "मॅडम, जरा लांबलं" म्हणालात तर त्यांच्या हातात काही राहत नाही.

ताळेबंद
+१. कंपनी कायद्याच्या कलम १३५ आणि २०२१ च्या सुधारित नियमांत हे स्पष्ट आहे. हेच लिहिणार होतो.

जुना झोळीवाला
मग १०बीडी कशाला लिहिलंत?

बांधावरची
@पलीकडच्या खुर्चीतून, हे कोणीच सांगितलं नव्हतं. मॅडम नुसतं "टाइमलाइन रिव्हाइज करा" म्हणत होत्या.

आणखी एक. गावं आता पाच झालीत. सर गेल्या आठवड्यात कंपनीच्या कार्यक्रमाला गेले होते, तिथे बोलण्याच्या भरात आणखी दोन तलाव घेऊ म्हणाले. पैसे तेवढेच.

रानवारा
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं! तीन तलावांचा पैसा पाच तलावांवर पसरला की एकही धड होत नाही. प्रत्येक ठिकाणी चार-चार दिवस मशीन, फोटो, नारळ आणि पुढचं गाव.

कोथरूडकर
हा स्कोप क्रीप, ठरलेलं काम गुपचूप वाढत जाणं. आमच्याकडे क्लायंट असंच करतो. औषध एकच: चेंज रिक्वेस्ट. एक पान. काय वाढलं, त्याला किती पैसे, किती दिवस, आणि त्यासाठी आधीचं काय सोडायचं. सही झाल्याशिवाय काम सुरू नाही. इथे ॲपची गरज नाही, मान्य करतो.

जुना झोळीवाला
हे पटलं. पण संस्थेत सरांकडून सही कोण घेणार? पगार तेच देतात.

पलीकडच्या खुर्चीतून
सरांकडून घेऊच नका. मॅडमना मेल करा: "कार्यक्रमात दोन अधिक गावांचा उल्लेख झाला. सध्याच्या अंदाजपत्रकात तीन तलाव पूर्ण होतात. वाढीव दोन गावांसाठी एवढा खर्च येईल, पुढच्या वर्षी घेता येतील का?" सरांना सीसी. कंपनीनेच "यंदा तीनच" असं लिहून दिलं की सरांचीही सुटका. माझ्याकडे अशी मेल आली तर मी खूश होतो, कारण वरच्यांना मलाही उत्तर द्यायचं असतं.

रानवारा
प्रगतीच्या तक्त्याबद्दल एक सांगायचं राहिलं. किती गाळ निघाला हे कशावर मोजणार ते आजच लिहून ठेवा. पोरं ट्रॉल्या मोजतील, इंजिनियर खड्डा मोजेल आणि दोन आकडे कधीच जुळणार नाहीत. उपसलेला गाळ मोकळा होऊन फुगतो, त्यामुळे ट्रॉल्यांचा आकडा नेहमी जास्त येतो. त्यात गावात हिशोब ब्रासमध्ये आणि कंपनीला घनमीटर हवं. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. माझ्या मते बिलासाठी लेव्हल सर्व्हे धरा आणि ट्रॉल्यांची नोंद शेतकऱ्याच्या नावावर ठेवा, कोणाच्या वावरात किती गेला ते कळायला.

पोरांना रोज एवढंच भरायला द्या: तारीख, तलाव, मशीन किती तास चालली, डिझेल किती लिटर, ट्रॉल्या किती, बंद राहिली तर कारण. सहा रकाने, कागदावर. संध्याकाळी फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, एक्सेल तुम्ही ऑफिसमध्ये भरायचं. तास आणि डिझेल शेजारी-शेजारी असले की ऑपरेटर काय करतोय तेही आठवड्यात समजतं. जास्त लिहीत नाही, समजून घ्या.

सातासमुद्रापार
आणि प्रत्येक जोखमीपुढे एका माणसाचं नाव हवं. "संस्था बघेल" असं लिहू नका. ठराव कोण आणणार, शेतकऱ्यांशी रस्त्याबद्दल कोण बोलणार, मशीन मालकाशी कोण बोलणार.

जुना झोळीवाला
हे आम्ही वहीत करायचो. नावासमोर सही. ज्याचं काम अडलं असेल तो पुढच्या गुरुवारी चहा पाजायचा.

हुरडाप्रेमी
माझ्या गाळाचं कोणी सांगितलं नाही.

रानवारा
@हुरडाप्रेमी, सरकारी तलावातला गाळ "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजनेत शेतकऱ्याला मिळतो, विकत घ्यायचा नसतो. २०१७ ला योजना आली तेव्हा वाहतूक शेतकऱ्याने स्वखर्चाने करायची होती. लातूरजवळ कुठला तलाव यादीत आहे ते ग्रामपंचायतीत विचारा. टाकण्याआधी गाळाचं आणि तुमच्या मातीचं परीक्षण करून घ्या. गाळ म्हणजे सरसकट सोनं नाही, काही ठिकाणी नुसती रेती निघते.

बांधावरची
सोमवारचं सांगते. नवा चार्ट पाठवला: जानेवारी-फेब्रुवारी कागद, सर्व्हे आणि शेतकरी यादी, मार्चअखेर पहिल्या तलावावर मशीन, मेअखेर तिन्ही पूर्ण. रिस्कमध्ये पाणी, ज्वारी, ट्रॅक्टर आणि परवानगी, प्रत्येकापुढे नाव. मॅडमचा तासाभरात फोन. म्हणाल्या, हे चालेल, मुदतवाढीचं कारण दोन परिच्छेदांत लिहून द्या, मंडळाची बैठक फेब्रुवारीत आहे. हप्त्यांच्या तारखाही सरकवायला तयार आहेत.

दोन जादा गावांची मेल अजून पाठवलेली नाही. ड्राफ्ट सरांना दाखवला तर म्हणाले, "तिकडचे सरपंच उद्या भेटायला येताहेत, मग बघू."

पलीकडच्या खुर्चीतून
सरपंच यायच्या आधी पाठवा. ते येऊन गेले की नारळाची तारीख ठरलेली असेल.

कोथरूडकर
आणि ती सहा रकान्यांची शीट इथे टाका ना. आमच्या सोसायटीच्या टँकरसाठी वापरतो.