मदत हवी आहे: गच्चीवरचा सोलर बंद, गृहकर्जावर परिणाम होतो का?

नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडला रिसेल फ्लॅट बघतोय, भाव 82 लाख. इमारतीचा सोलर वॉटर हीटर बंद आहे. बोअरचं पाणी सोडल्यामुळे कलेक्टरच्या (उन्हात पाणी तापवणाऱ्या भागाच्या) नळ्यांत क्षार बसलाय, काही काचा तडकल्यात आणि रिटर्न लाइनचा, म्हणजे पाइपातलं पाणी फिरतं ठेवणारा पंपच काढून टाकलाय. म्हणजे नळ्या बदलल्या तरी खालच्या मजल्यांना आधी दोन बादल्या गार पाणी सोडून द्यावं लागणार.

30 ते 75 लाखांच्या कर्जाला मर्यादा घराच्या किमतीच्या 80 टक्के, म्हणजे 65.6 लाख. पण बँक करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन (बँकेने नेमलेल्या व्हॅल्युअरने काढलेली किंमत) यांतला कमी आकडा धरते. व्हॅल्युअरने 80 लाख लावले तर कर्ज 64 लाखांवर येतं, वरचे 1.6 लाख खिशातून.

बंद सोलरमुळे व्हॅल्युअर खरंच किंमत कापतो का, की गच्चीवर चढतच नाही? दुरुस्तीची वर्गणी सोसायटीच्या ठरावात मंजूर आहे, सभासदांकडे मागणी अजून निघालेली नाही. मग सोसायटीच्या नो ड्यूजमध्ये (थकबाकी नसल्याच्या दाखल्यात) ती दिसेल का? विक्रेत्यावर टाकायची तर करारात कलम कसं घालावं?

पीएम सूर्य घर योजनेची सबसिडी कृपया सुचवू नका, ती वीज बनवणाऱ्या पॅनलना आहे.