'इमॅक्युलेट' म्हणजे नुसतं स्वच्छ का?

रामबागकर_इंदूर:
नमस्कार मंडळी, लेक आठवीत आहे, इंग्लिशच्या निबंधात तिने लिहिलं की इंदूर इज ॲन इमॅक्युलेट सिटी, तर टीचरने शब्दाखाली लाल रेघ मारून वर 'क्लीन' लिहिलं. पोरगी हिरमुसलीये, म्हणते २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपण पहिले येतोय मग चुकलं कुठे? मलाही सांगता येईना, डिक्शनरीत तर 'अगदी स्वच्छ' असंच आहे.

राजवाडा_७:
चूक नाही हो, पण जड पडतं. इमॅक्युलेट म्हणजे शोधूनही डाग सापडायचा नाही आणि सगळं जिथल्या तिथे. परीटघडीचा पांढरा शर्ट, आवरलेली खोली वगैरे. आता आपल्या सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारात, रात्री खाऊगल्ली भरते, तिथे जिलबीचा पाक सांडतोय, गराडूचं, म्हणजे तळलेल्या कंदाचं, तेल उडतंय, मागून झाडू फिरतो हे खरंच आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, पण एकही डाग नाही असं अख्ख्या शहराला कसं म्हणणार. तिथे क्लीनच बरं.

चष्मेवाली_काकू:
मूळ लॅटिन आहे, मॅक्युला म्हणजे डाग, पुढे नकाराचा 'इन' लागला तो 'म'समोर 'इम' झाला. आईच्या डोळ्याच्या रिपोर्टमध्ये मॅक्युला वाचून मी घाबरले होते, तर डॉक्टर म्हणाले अहो तो सगळ्यांनाच असतो, पडद्याच्या मधोमध पिवळसर भाग, त्यानेच तर बारीक अक्षर वाचता येतं. पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या नावातही हाच शब्द, तिथे पापाचा डाग नसलेलं असा अर्थ. आपलं 'निष्कलंक' बघा ना, अगदी तसंच.

ग्वाल्हेरचा_भाचा:
'व्हेरी इमॅक्युलेट' लिहू देऊ नका, शब्दातच पुरेपूर आलंय, फार तर 'ॲब्सोल्यूटली' लावा. कुणाचं टायमिंग बिनचूक असलं तरी इमॅक्युलेट म्हणतात. प्रिस्टीन वेगळा, मूळचं जसंच्या तसं, कुणाचा हात न लागलेलं. इमॅक्युलेट घासूनपुसूनही होतं.

रामबागकर_इंदूर:
खूप आभार सगळ्यांचे. काकू, 'डाग नसलेलं' ऐकल्याबरोबर तिला आजीचा ओटा आठवला! आमची आई रात्री शेवटचं पातेलं उचललं की ओटा आधी ओल्या मग कोरड्या फडक्याने पुसते आणि ट्यूबलाइटच्या उजेडात वाकून तिरकं बघते, दुधाचा एवढासा ओघळ दिसला तरी परत फडकं. आता निबंधात शहर क्लीन आहे आणि माय ग्रँडमदर्स किचन इज इमॅक्युलेट.